शिक्षकांना लांब ब्रेक हवा, आणि तो हक्काने हवा

शिक्षक दमलाय असं म्हटलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पण तुम्हाला तर किती सुट्ट्या असतात!" हे मी इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलंय की आता त्याला एकदा नीट, मुद्देसूद उत्तर द्यावं असं वाटलं, म्हणून हे लिहितेय. माझं म्हणणं असं आहे की शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाला नोकरीच्या मधल्या टप्प्यात एक लांब ब्रेक मिळायला हवा, सहा महिने ते वर्षभराचा, नोकरी शाबूत ठेवून, आणि त्या काळात ज्याला वाटेल त्याने कुठेतरी व्हॉलंटियर म्हणून काम करावं, मात्र पूर्णपणे स्वतःच्या मर्जीने. मी स्वतः असा ब्रेक घेतला, बिनपगारी, आणि मग परत वर्गात आले, त्यामुळे हे ऐकीव नाही. पण माझ्या एकटीच्या अनुभवावर एवढी मोठी मागणी उभी राहू शकत नाही, म्हणून या विषयात जे संशोधन झालंय तेही सांगते.

आधी दमणं म्हणजे काय ते बघू कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. दिवसभर उभं राहून पाय दुखणं, घसा बसणं, पेपरांचा गठ्ठा घरी आणून रात्री उशिरापर्यंत तपासत बसणं, हे दमणं झोपेने बऱ्यापैकी भरून निघतं. दुसरं एक दमणं असतं जे झोपून जात नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर बर्नआउट या नावाने लिहिलं, पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली तयार केली, आणि तिची शिक्षकांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. मनातलं सगळं संपून गेल्यासारखं वाटणं ही पहिली, समोरच्याकडे माणूस म्हणून बघणं कमी होत जाणं ही दुसरी, आणि आपण जे करतोय त्याने काही फरक पडत नाही असं पक्कं वाटायला लागणं ही तिसरी.

यातली दुसरी मला सगळ्यात गंभीर वाटते कारण ती बाहेरून अजिबात दिसत नाही. शिक्षक वेळेवर येतो, सिलॅबस पूर्ण करतो, वह्या तपासतो, सगळी रजिस्टरं जागच्या जागी असतात, पण मुलं त्याच्यासाठी हळूहळू 'शेवटच्या बाकावरची गँग', 'तो रडका', 'ती रोज उशिरा येणारी' अशी होऊन जातात. एखादं मूल आज एवढं गप्प का आहे हे विचारायचं सुचत नाही, आणि सुचलं तरी उत्तर ऐकून घ्यावं लागेल म्हणून टाळलं जातं. स्टाफरूममधलं बोलणं कोरडं होत जातं, मुलांबद्दल बोलताना सगळं तक्रारीच्याच सुरात यायला लागतं. हे काही वाईट शिक्षकांचंच होतं असं नाही, मी तर उलट पाहिलंय, जे मुलांमध्ये जास्त जीव ओततात ते आधी रिकामे होतात. आणि कुठल्याही इन्स्पेक्शनमध्ये हे पकडलं जात नाही कारण कागदावर सगळं व्यवस्थित असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाची नवी आवृत्ती मंजूर केली तेव्हा बर्नआउटची व्याख्या देताना स्पष्ट म्हटलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे निर्माण होणारी ती अवस्था आहे. मला ही व्याख्या फार मोलाची वाटते. कारण आजार म्हटला की जबाबदारी त्या माणसाची होते, योगा कर, ध्यान कर, पॉझिटिव्ह विचार कर, सकाळी लवकर उठ. कामाच्या ठिकाणची गोष्ट म्हटली की प्रश्न कामाला विचारावा लागतो. शिक्षकांसाठी जी स्ट्रेस मॅनेजमेंटची वर्कशॉप होतात, ज्यांना जाण्यासाठी आधीच भरलेल्या आठवड्यातला एक शनिवार द्यावा लागतो, ती सगळी पहिल्या समजुतीतून आलेली आहेत आणि मला वाटतं ती बंद केली तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

आता सुट्ट्यांकडे येते. मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या दोघांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, ऑफिसात काम करणाऱ्या लोकांचा बर्नआउट त्यांनी सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर मोजला. सुट्टीत तो कमी झाला, हे अपेक्षितच होतं. पण कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशीच तो अर्धवट परत चढला होता आणि तीन आठवड्यांत पूर्वीच्या पातळीला येऊन पोचला होता. शाळा उघडल्यावर तीन आठवड्यांनी स्टाफरूममध्ये जाऊन बघा, कुणाच्या चेहऱ्यावर सुट्टी उरलेली असते का. आणि शिक्षकांची सुट्टी ही त्या अभ्यासातल्या लोकांसारखी मोकळी तरी कुठे असते, तिच्यात निकाल लावायचे असतात, ट्रेनिंग असतं, ॲडमिशनचं काम असतं, पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग असतं, पोर्टलवर माहिती भरायची असते, आणि आता तर फोनवर ग्रुप असतात ते सुट्टीतही वाजत राहतात.

मग माणूस कामातून खरा सावरतो कशाने? सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये यासाठी एक मोजमाप तयार केलं, त्यात चार गोष्टी आहेत. कामापासून मनाने सुटणं, शांत होणं, काहीतरी नवीन शिकून त्यात जम बसणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. या चारही गोष्टी शिक्षकाच्या आयुष्याला लावून बघा. मनाने सुटणं जवळजवळ अशक्य, कारण मुलं डोक्यात घेऊनच आपण घरी येतो. वेळ हातात असणं तर सोडूनच द्या, घंटा वाजली की वर्ग बदलायचा, घंटा वाजली की खायचं, बाथरूमला जायचं तेही घंटेच्या मधल्या फटीत. इतकी वर्षं दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेवर जगणाऱ्या माणसाला स्वतःच्या वेळेचं काय करायचं हेच कळेनासं होतं, ब्रेकच्या सुरुवातीचे दिवस माझे नुसते यातच गेले, घंटा नाही तर आता काय.

आणि त्या यादीतलं तिसरं, म्हणजे काहीतरी नवीन शिकणं. इथे मला व्हॉलंटियरिंगचा मुद्दा आणायचाय.

लोक म्हणतात की समाजासाठी काहीतरी केलं की समाधान मिळतं, मन भरून येतं. मिळतं, नाही असं नाही. पण शिक्षकाच्या बाबतीत मला ते कारण पुरेसं वाटत नाही, कारण समाजासाठी काहीतरी करतोय ही भावना तर शिक्षकाला नोकरीतही मिळत असते, त्याच भावनेवर त्याच्याकडून जास्तीचं काम करून घेतलं जातं. माझं निरीक्षण वेगळं आहे. शिक्षकाला सावरतं ते नवखेपण. वर्षानुवर्षं आपण खोलीतले एकमेव माहितगार असतो. प्रश्न आपण विचारतो, उत्तर बरोबर की चूक हे आपण ठरवतो, कोण बोलणार ते आपण ठरवतो. यातून एक थकवा येतो ज्याबद्दल कुणी बोलत नाही, सतत बरोबर असण्याचा थकवा. तो उतरायला अशा जागी जावं लागतं जिथे आपल्याला काही येत नाही.

मी दोन ठिकाणी जात होते. एक, जखमी प्राणी-पक्ष्यांवर उपचार करणारं एक केंद्र. तिथे माझं काम पिंजरे धुणं, खाणं मोजून ठेवणं, नोंदी करणं. मला शिकवणारा मुलगा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. पक्ष्याला टॉवेलमध्ये कसं धरायचं हे त्याने सांगितलं, मी चुकले, त्याने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा चुकले, त्याने पुन्हा तेच त्याच आवाजात सांगितलं आणि माझ्या हातावर हात ठेवून बोटं कुठे हवीत ते दाखवलं. त्याच्या आवाजात 'आत्ताच तर सांगितलं ना' हे नव्हतं. हे वाचताना साधं वाटेल पण शिक्षकांनी स्वतःला विचारून बघावं की शेवटचं कधी आपण काहीतरी चुकत चुकत, कुणाच्यातरी समोर, शिकलो. शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये आपण ऐकतो, सही करतो, चहा पितो. शिकत नाही. चुकल्यावर पोटात जो गोळा येतो, समोरच्याचा चेहरा बघून पुढचं करायचं की नाही हे जे माणूस ठरवतो, ते मुलांच्या रोजच्या आयुष्यात किती वेळा होत असेल हे मला तिथे अंगावर कळलं, आणि कुठल्याही बालमानसशास्त्राच्या पेपरात ते मला कळलं नव्हतं.

दुसरं ठिकाण म्हणजे मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग. इथे शिकवणंच होतं म्हणा, पण मुख्य शिकवणारी दुसरी होती आणि मी मदतनीस. या वर्गाने माझ्याकडून एक गोष्ट काढून घेतली जी माझ्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं, ती म्हणजे सक्ती. शाळेत मूल कंटाळलं तरी समोर बसलेलंच असतं, जाणार कुठे. इथे हजेरी नाही, परीक्षा नाही, पालकांना बोलावणं नाही. दिवसभर काम करून आलेला माणूस, त्याला आजचा तास उपयोगाचा वाटला नाही तर तो उद्या येत नाही, इतकं सरळ. एकाला औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं होतं, कारण घरी आजारी आईला गोळ्या तोच द्यायचा. त्याला मुळाक्षरं क्रमाने शिकवण्यात काही अर्थच नव्हता, त्याला 'सकाळी', 'जेवणानंतर', 'दोन' हे शब्द हवे होते. तिथून सुरुवात केली आणि अक्षरं त्यातून येत गेली. ही काही नवी पद्धत नाही, ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये अँजिकोस या गावी शेतमजुरांना त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून सुरुवात करून सुमारे ४० तासांच्या वर्गांत लिहाय-वाचायला शिकवलं होतं, जवळपास ३०० जण होते. डीएड-बीएडला आपण हे सगळे जण पाठ करतो आणि पाच मार्कांना लिहितो. पण ते करून बघायची वेळ शाळेत येत नाही कारण शाळेत शब्द पाठ्यपुस्तक ठरवतं.

तिथेच मला थांबणं परत जमायला लागलं. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण मला वाटतं सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली संभाषणं रेकॉर्ड करून ऐकली आणि तिला दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांब होतात, जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. फक्त दोन सेकंदांचा फरक. ही गोष्ट शिक्षकांना माहीत नसते असं नाही, बऱ्याच जणांना माहीत असते. पण दमलेल्या माणसाला ते दोन सेकंद थांबता येत नाही. त्या शांततेत त्याला मागे पडलेला सिलॅबस ऐकू येतो, शेजारच्या वर्गाचा गोंगाट ऐकू येतो, आणि तो उत्तर सांगून पुढे जातो. मोठ्या माणसांच्या वर्गात मला थांबावंच लागायचं, एक शब्द वाचायला त्यांना वेळ लागायचा आणि मध्ये मी बोलले तर तो शब्द त्यांचा राहायचा नाही. ही सवय शाळेत परतल्यावरही टिकली. माझ्या वर्गातल्या गप्प मुलांची उत्तरं मला आता ऐकू येतात, ब्रेकच्या आधीच्या वर्षांत येत नव्हती.

हे माझंच एकटीचं म्हणून सोडून देऊ नका. जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नोकरी करून शिवाय व्हॉलंटियरिंग करणाऱ्या लोकांना काही दिवस रोजच्या रोज प्रश्न विचारले होते, त्यात दिसलं की ज्या दिवशी ते व्हॉलंटियरिंग करतात त्या दिवशी कामापासून मनाने सुटणं आणि काहीतरी जमल्याची भावना जास्त असते, आणि याचा संबंध दुसऱ्या दिवशी कामावर लोकांचं लक्ष देऊन ऐकण्याशी होता. ऐकणं. शिक्षकाकडून दुसरं काय हवं असतं हो मुलांना.

लांब रजेबद्दलही अभ्यास आहे. ओरानित डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रजेवर गेलेले विद्यापीठातले प्राध्यापक आणि त्यांच्यासारखेच पण रजेवर न गेलेले यांची तुलना केली. रजेवर गेलेल्यांचा ताण कमी झाला, बरं वाटणं वाढलं, आणि जे कामापासून मनाने पूर्ण सुटले आणि ज्यांच्या हातात रजेचं नियोजन जास्त होतं त्यांना फायदा जास्त झाला. बघा, अभ्यास प्राध्यापकांवर झाला, कारण अशी रजा बहुतेक करून प्राध्यापकांनाच मिळते. हार्वर्डने १८८० मध्ये दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारावर रजा द्यायला सुरुवात केली, तीही चार्ल्स लॅनमन या संस्कृतच्या पंडिताला दुसऱ्या विद्यापीठातून आपल्याकडे आणण्यासाठी. तेव्हापासून विद्यापीठांनी हे मान्य केलंय की डोक्याने काम करणाऱ्याला मधून मधून मोकळं सोडावं लागतं. शाळेतल्या शिक्षकाबद्दल हे बहुतेक ठिकाणी मान्य झालेलं नाही, कारण त्याचं काम डोक्याचं आहे हेच मुळात मान्य नाही, मुलं सांभाळायची आणि पुस्तक संपवायचं एवढंच ते समजलं जातं. सहा वर्षांच्या चाळीस मुलांना एकाच वेळी वाचायला शिकवणं हे पदव्युत्तर वर्गाला लेक्चर देण्यापेक्षा सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने एक सकाळ पहिलीच्या वर्गात उभं राहून दाखवावं.

आणि ही मागणी नवीन किंवा अतिरेकी आहे असंही कुणी समजू नये. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची शिक्षकांच्या दर्जाबद्दलची शिफारस ५ ऑक्टोबर १९६६ ला मंजूर झाली, त्याच तारखेला आपण जागतिक शिक्षक दिन करतो, हार-तुरे देतो. त्या शिफारशीत लिहिलंय की शिक्षकांना ठरावीक काळाने पूर्ण किंवा अंशतः पगारी अभ्यासरजा मिळावी, तो काळ सीनिऑरिटी आणि पेन्शनसाठी मोजला जावा, आणि जे लोकवस्तीपासून दूर, एकाकी ठिकाणी शिकवतात त्यांना ती जास्त वेळा मिळावी. त्यात रजा अभ्यासासाठी आहे, व्हॉलंटियरिंगसाठी नाही, हे खरं. पण मी वर जे सांगितलं ते अभ्यास नाही तर काय आहे?

पैशाचं काय हा पुढचा प्रश्न येतो, यायलाच हवा. कॅनडात अनेक शिक्षकांना एक सोय आहे, चार वर्षं पूर्ण काम करायचं पण पगार ८० टक्के घ्यायचा, उरलेले २० टक्के बाजूला साठवायचे, आणि पाचव्या वर्षी रजा घेऊन त्या साठलेल्या पैशातून पगार घ्यायचा. तिथल्या आयकराच्या नियमांत याला जागा करून दिलेली आहे, बाजूला ठेवलेल्या रकमेवर त्या त्या वर्षी कर लागत नाही, रजा साधारणपणे किमान सहा महिन्यांची असावी लागते आणि परत आल्यावर निदान रजेएवढा काळ कामावर राहावं लागतं. म्हणजे पैसा शिक्षकाचाच, सरकारवर मोठा बोजा नाही, फक्त व्यवस्था हवी आणि नोकरी परत मिळण्याची हमी हवी. मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट ही वाटते की कोण कधी जाणार हे शाळेला चार वर्षं आधी माहीत असतं. बदली शिक्षक शोधायला, त्याला वर्षभराची सरळ पूर्ण पगाराची नेमणूक द्यायला, जाणाऱ्याच्या हाताखाली थोडं काम शिकवायला भरपूर वेळ मिळतो. आत्ता काय होतं तर शिक्षक कोसळतो, मेडिकल रजेवर जातो, आणि वर्ग कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

"मुलांचं नुकसान होईल" असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की शिक्षक कायमचा गेला तर होत नाही का? मॅथ्यू रॉनफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांचा आठ वर्षांचा डेटा तपासून दाखवलं की ज्या शाळांमधून शिक्षक जास्त सोडून जातात तिथल्या मुलांचे गुण घसरतात, आणि ज्यांचे स्वतःचे शिक्षक टिकले होते त्या मुलांवरही परिणाम होतो, कारण सगळी शाळाच विस्कटते. आणि सोडून जाणं वाढतंय. युनेस्कोच्या आकड्यांनुसार प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचं जगातलं प्रमाण २०१५ मध्ये ४.६२ टक्के होतं ते २०२२ मध्ये ९.०६ टक्के झालं, आणि २०३० पर्यंत प्राथमिक-माध्यमिक मिळून ४ कोटी ४० लाख शिक्षक जास्तीचे लागणार आहेत. एवढी टंचाई समोर असताना तयार, अनुभवी माणूस वर्षभरासाठी सोडणं परवडत नाही म्हणायचं आणि तोच माणूस कायमचा गेला की निवांत राहायचं, हा हिशोब मला कळत नाही.

आता ज्या गोष्टींची मला स्वतःला काळजी वाटते त्या.

सगळ्यात मोठी, कॉन्ट्रॅक्टवरचे शिक्षक. ज्याचा पगारच जेमतेम आहे तो त्यातले २० टक्के बाजूला काय ठेवणार, आणि ज्याची नोकरी दरवर्षी संपते त्याला नोकरी शाबूत ठेवून रजा याचा अर्थ काय. ही योजना फक्त कायम शिक्षकांसाठी आली तर स्टाफरूममधली जी भिंत आहे ती आणखी उंच होईल, एका टेबलावर रजेचे बेत आणि दुसऱ्या टेबलावर पुढच्या वर्षी ऑर्डर येईल का ही धाकधूक. त्यामुळे मला वाटतं कॉन्ट्रॅक्टची वर्षं कायम नोकरीत मोजली जाणं ही मागणी आणि ब्रेकची मागणी एकत्रच पुढे जायला हवी. मला ब्रेक घेता आला कारण घरात दुसरा पगार होता. हे मी ठळक सांगते, कारण ब्रेक घेऊन नवी झालेली माणसं लिहितात तेव्हा बऱ्याचदा हे लिहीत नाहीत आणि वाचणाऱ्याला वाटतं आपल्यातच धाडस कमी आहे.

दुसरं, बायकांचा ब्रेक. शाळेत शिकवणाऱ्यांमध्ये बायका जास्त, आणि त्यांच्या नोकरीत गॅप असतातच, बाळंतपण, मूल, सासू-सासऱ्यांचं किंवा आईवडलांचं आजारपण. त्या गॅपला करिअर ब्रेक म्हणून मोकळं व्हायचं ही फसवणूक आहे. ती एका कामावरून दुसऱ्या कामावर बदली आहे, तीही बिनपगारी. सोनेनटाग-फ्रिट्झ यांच्या चारपैकी एकही गोष्ट त्यात नसते. कुणी म्हणेल की तुम्ही आधीच दोन वर्षं घरी होतात मग आता परत रजा कशाला, तर त्यासाठीच.

तिसरं, व्हॉलंटियरिंगच्या नावाखाली होणारी लूट आणि नुकसान. शिक्षक फुकट मिळतोय म्हटलं की संस्था पगारी जागा भरत नाहीत, हे होऊ शकतं, म्हणून व्हॉलंटियरने मदतनीसच राहावं, कुणाची जागा घेऊ नये. शिक्षकाला मुलं सांभाळता येतात म्हणून त्याला थोड्या दिवसांसाठी अनाथाश्रमात पाठवणं हे तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, तिथली मुलं प्रत्येक नव्या माणसाला जीव लावतात आणि तो निघून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मधल्या बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या व्हॉलंटियरिंगमुळे होणाऱ्या नुकसानाचा उल्लेख केलाय. मोठ्यांमध्ये काम करा, झाडांमध्ये करा, लायब्ररीत पुस्तकं लावा, जिथे तुम्ही गेल्याने कुणाचं मन तुटणार नाही.

आणि व्हॉलंटियरिंगही माणसाला जाळू शकतं बरं का. फ्रॉइडेनबर्गरने बर्नआउटबद्दल जे लिहिलं ते फुकट उपचार देणाऱ्या क्लिनिकमधल्या लोकांना बघून, ज्यांतले पुष्कळ जण व्हॉलंटियरच होते, मनापासून आलेले, नाही म्हणता न येणारे. शिक्षकाचा स्वभाव अगदी हाच असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की आठवड्यातले मोजके तास, आणि उरलेल्या वेळात काही न करण्याची पूर्ण मुभा. ज्याला व्हॉलंटियरिंग करायचंच नाही, नुसतं झोपायचंय, चालायचंय, आपल्या पोरांबरोबर बसायचंय, त्यालाही हा ब्रेक तितकाच मिळायला हवा. यात रिपोर्ट, सर्टिफिकेट, फोटो, पॉइंट, प्रमोशनला वेटेज असलं काही आलं की मी वर जे नवखेपण म्हटलं ते संपलं, माणूस पुन्हा दाखवण्यासाठी काम करायला लागला.

परत येण्याचा भाग शाळांनी सगळ्यात जास्त विचार करून ठरवायला हवा आणि त्यावर कुणीच बोलत नाही. बहुतेक ठिकाणी काय होतं, "एवढी विश्रांती झालीय ना, आता हे घ्या" म्हणत सगळ्यात अवघड वर्ग, परीक्षा विभाग, स्नेहसंमेलन, सगळं एकदम अंगावर टाकतात, आणि मग वेस्टमन-ईडनचे तीन आठवडे तंतोतंत खरे ठरतात. परतणाऱ्याला पहिल्या सत्रात जास्तीचं कुठलंही काम देऊ नये, वर्ग निवडताना त्याला विचारावं, आणि तो जे वेगळं करून बघू म्हणेल, उदाहरणार्थ पाठांचा क्रम बदलणं किंवा एका प्रश्नावर अख्खा तास घालवणं, त्याला निदान एक सत्र कुणी अडवू नये. हे सगळं हेडमास्तरांच्या पातळीवर, एकही नवा नियम न करता, येत्या सत्रापासून करता येतं. पगार बाजूला ठेवण्याची योजना मात्र सरकारशिवाय होणार नाही, त्यासाठी शिक्षक संघटनांनी आपल्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली का होईना ही एक ओळ टाकायला हवी, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊनच टाकायला हवी.